भावना दुखावल्या, पुढे काय?



गेल्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी आपल्या सभागृहात एक एकांकिका व्हायची होती. आपल्याच घरांतील, कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी ती बसवली होती. विषय साधा होता. एका गावातले कीर्तनकार बुवा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा करतात आणि हिशेब मात्र देत नाहीत. आदल्या रात्री पदाधिकाऱ्यांचे फोन खणखणू लागले. ‘संतांची टिंगल आहे’, ‘वारकऱ्यांचा अपमान आहे’, ‘गणपतीपुढे असले काही चालू देणार नाही.’ सकाळी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. वीस मिनिटांत एकांकिका रद्द करून त्या जागी भावगीतांचा कार्यक्रम ठेवण्यात आला. त्या बैठकीत आम्हीही होतो, आणि हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

पंधरा दिवसांनी मुलांनी संहिता आणून दिली. बावीस पाने. आम्ही ती दोनदा वाचली. त्यात संतांविषयी एकही वावगे वाक्य नाही. उलट शेवटी बुवांना जाब विचारणारी म्हातारी तुकोबांचाच आधार घेऊन बोलते. मग आम्ही फोन करणाऱ्यांकडे चौकशी केली. एकानेही संहिता पाहिली नव्हती. एकाने शेजाऱ्याकडून ऐकले होते, शेजाऱ्याने भाच्याकडून, आणि भाच्याने तालमीच्या खोलीबाहेरून जाताना दोन वाक्ये ऐकली होती. ज्यांनी रद्द केली त्या आम्ही तरी कुठे वाचली होती? त्यानंतर त्या मुलांपैकी एकही जण मंडळात फिरकलेला नाही. कोजागिरीला नाही, संक्रांतीच्या तिळगुळालाही नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे या संदर्भात एक ठराव येत आहे. त्यामुळे या अंकात हा विषय मोकळेपणाने मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. भाविकाची भावना दुखावते हे खोटे नाही, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्या आजीने साठ वर्षे रोज सकाळी देवघरात दिवा लावला, तिच्या देवाविषयी कोणी अर्वाच्य बोलले तर तिच्या डोळ्यांत पाणी येणारच. आई-बापांविषयी वाईट ऐकताना जे होते तेच इथे होते. ‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असे म्हणणाऱ्यांना श्रद्धा म्हणजे काय हे कळलेले नसते. आमच्या घरातही देव आहेत, आषाढीला उपवास असतो, आणि आम्ही त्यात संकोच मानत नाही. तेव्हा भावना दुखावते की नाही, यावर वाद नाही. दुखावल्यावर माणूस काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

आमचे निम्मे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. तिथे रोज कोणी ना कोणी संतापून येतो. ‘माझ्या खात्यातले पैसे गेले’, ‘तुमच्या माणसाने माझा अपमान केला.’ नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आम्हाला शिकवले होते की, अशा माणसाशी वाद घालायचा नाही आणि त्याला हसायचेही नाही. त्याला बसायला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचे, आणि तक्रारवही पुढे करायची. नाव लिहा, खाते क्रमांक लिहा, काय झाले ते लिहा. लिहायला बसल्यावर बहुतेकांचा राग निम्म्यावर येतो, कारण लिहिताना ‘नेमके काय झाले’ हे आठवावे लागते. ज्याची तक्रार खरी असते तो मात्र मुद्देसूद लिहितो, आणि त्याचे काम होते. जो नाव लिहायलाच तयार नसतो, तो बहुधा दुसऱ्या कोणासाठी भांडायला आलेला असतो. धर्माच्या बाबतीत आपण ही तक्रारवही कधी पुढे केलीच नाही. आपण एकतर दार लावून घेतले किंवा जमावाला आत घेतले.

या विषयावर आपल्या देशात जो कायदा आहे, त्याचा जन्म कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. १९२४ साली लाहोरला ‘रंगीला रसूल’ नावाची एक पुस्तिका निघाली. पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर तीत हीन शब्दांत टीका होती. प्रकाशक राजपाल यांच्यावर खटला झाला. तेव्हाच्या कायद्यात धर्मपुरुषाच्या अपमानासाठी नेमके कलम नव्हते, म्हणून १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मोठा क्षोभ उसळला. त्याच वर्षी मध्यवर्ती विधिमंडळाने भारतीय दंडविधानात २९५-अ हे नवे कलम घातले. या कलमामुळे प्रामाणिक टीकाकार आणि इतिहास लिहिणारे अडकू नयेत, अशी चिंता तेव्हाच्या चर्चेत बॅरिस्टर जिनांनीही व्यक्त केली होती. कायदा झाला, तरी क्षोभ शमला नाही. ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या एका तरुणाने राजपाल यांना त्यांच्या दुकानात भोसकून मारले. तो सुताराचा मुलगा होता, वय विशीच्या आसपास. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तो फासावर गेला. अपिलात त्याची बाजू मांडली ती याच जिनांनी. एका पुस्तिकेपायी दोन जीव गेले आणि ती पुस्तिका मात्र जास्तच गाजली. न वाचता संतापणे आणि संतापाने गाजवणे, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून चालत आल्या आहेत.

त्या कलमाची पुढची हकीकतही माहीत असावी. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेत बसते असे ठरवले, पण त्याबरोबरच त्याला कुंपणही घातले. मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेलाच अपमान गुन्हा ठरतो. अजाणता, निष्काळजीपणाने किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हेच कलम २९९ या क्रमांकाने तिच्यात गेले. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा तशीच आहे. १९५७ मधले ते कुंपण किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे! एका मासिकाच्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात, हातांत जाहिरातीच्या वस्तू आणि त्यांत एक बूट असा दाखवला, म्हणून थेट त्याच्यावर खटला भरला गेला. चित्र त्याने काढले नव्हते. तरी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तिथे २०१७ मध्ये ते रद्द झाले. धोनीला वकील परवडतात. आपल्या एकांकिकेतल्या मुलांना परवडले असते का?

आता आपल्याच गावाकडे येऊ. आपल्या बडोद्यात मे २००७ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत वार्षिक परीक्षेसाठी विद्यार्थ्यांची कामे मांडलेली होती. ते लोकांसाठी भरवलेले प्रदर्शन नव्हते, परीक्षकांसाठी मांडलेली उत्तरपत्रिका होती. एका विद्यार्थ्याच्या कामात हिंदू देवता आणि क्रूस यांचे चित्रण आक्षेपार्ह आहे, अशी तक्रार झाली. हिंदू संघटनांबरोबर ख्रिस्ती मंडळींनीही तक्रार केली. पोलिसांनी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारातूनच धरून नेले. प्रभारी अधिष्ठात्यांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली म्हणून त्यांना निलंबित करण्यात आले. ती चित्रे वाईट होती की चांगली, हे आम्हाला सांगता येणार नाही. आम्ही ती पाहिलेली नाहीत, आणि ज्यांनी त्या आठवड्यात रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत त्यांच्यावर मते दिली त्यांतल्या बहुतेकांनीही पाहिली नव्हती. त्या विद्यार्थ्याला पुढे अनेक वर्षे पदवी मिळाली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावल्याच्या आरोपावरून त्याला पुन्हा अटक झाली. आगीचे समर्थन कोणीही करणार नाही, आम्हीही करत नाही. पण अकरा वर्षे एक प्रकरण न ऐकता, न निकालात काढता तसेच ठेवले की त्याचे व्याज कसे चढते, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच महिन्यात, जेमतेम दोन आठवड्यांनी, आपल्या या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. आपण सगळे हौसेने गेलो होतो. अभिव्यक्तीवर टाळ्याही वाजवल्या.

ज्या राजाच्या नावाने ते विद्यापीठ आहे, त्याने राजा रविवर्म्याला बोलावून पुराणातल्या प्रसंगांची चित्रे काढून घेतली. पुढे रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईला छापखाना काढला आणि त्याची लक्ष्मी, त्याची सरस्वती घरोघर पोचली. आज आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात जी लक्ष्मी आहे, तिचा चेहरा आणि तिची साडी ही एका माणसाची कल्पना आहे, आणि ती सव्वाशे-दीडशे वर्षांपेक्षा जुनी नाही. तेल-रंगांत, परदेशी धाटणीने देव काढले म्हणून तेव्हाच कोणी दार लावले असते, तर आपले देवघर आज वेगळे दिसले असते. आजचे वेगळे उद्याचे परंपरागत होते, हे आपण आपल्याच भिंतीवर पाहतो.

‘हे सगळे इतरांनी केले, आपण मराठी माणसे सहिष्णू’ असे कोणाला वाटत असेल तर तोही गैरसमज दूर व्हावा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. कारण काय, तर एका परदेशी लेखकाने शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकात जिजाऊंसंबंधी अत्यंत आक्षेपार्ह मजकूर लिहिला होता आणि संस्थेतल्या काही जणांचे आभार मानले होते. मजकुराने संताप यावा हे स्वाभाविकच होते. पण पुस्तक संस्थेने लिहिले नव्हते, छापलेही नव्हते. मोडतोड झाली ती आपल्याच पूर्वजांनी जपलेल्या ग्रंथांची आणि वस्तूंची. लेखकाला त्याची झळ लागली नाही. महाराजांचा मान त्या दिवशी वाढला असे कोणाला वाटते का?

आणि २००९ ची गोष्ट तर अजून ताजी आहे. डॉ. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील तरुण तुकोबांच्या चित्रणावर वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले गेले. तरी महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले आणि ते संमेलन अध्यक्षाविना पार पडले. आम्हाला त्या कादंबरीतले ते भाग पटले नाहीत, हेही प्रांजळपणे सांगतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. तुकोबांचा गाथा इंद्रायणीत बुडवायला लावला, तोही धर्माचा अपमान झाला म्हणूनच. शूद्राने वेदार्थ सांगावा हा त्या काळच्या धर्मरक्षकांना अपमान वाटला. गाथा तरला असे आपण मानतो आणि हात जोडतो. मग दुसऱ्याच्या वह्या बुडवताना आपण इंद्रायणीच्या कोणत्या काठावर उभे असतो?

आपल्या परंपरेत अपमानाला उत्तर देण्याची दुसरी रीत आहे आणि ती जुनी आहे. पैठणच्या नाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गोदावरीचे स्नान करून येताना एकजण त्यांच्या अंगावर थुंकतो, नाथ परत स्नानाला जातात, पुन्हा तेच, असे एकशे आठ वेळा. शेवटी तो माणूसच खजील होतो, आणि नाथ म्हणतात, तुझ्यामुळे आज एवढी गोदास्नाने घडली. ही कथा आपण ‘शांतीचा महिमा’ म्हणून सांगतो आणि सोडून देतो. याच नाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला, हे मात्र फारसे सांगत नाही. त्यात ब्राह्मण आणि तुर्क समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवाची, ग्रंथांची, आचारांची उणीदुणी काढतात. बोचरे बोलतात, कोणी राखून ठेवत नाही. आणि बोलून संपल्यावर एकमेकांना आलिंगन देतात. सोळाव्या शतकात, सुलतानी अमलात, एका ब्राह्मणाने हे लिहिले. आज तो संवाद आपल्या सभागृहात करायचा म्हटला, तर आदल्या रात्री किती फोन येतील, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

आता ज्या आक्षेपाची आम्ही वाटच पाहत आहोत त्याकडे येतो. या विषयावर आमच्याकडे जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांत एकच वाक्य आहे. ‘त्यांच्या धर्माबद्दल कोणी बोलून दाखवावे!’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जून २०२२ मध्ये उदयपूरला एका शिंप्याची त्याच्या दुकानात शिरून अशाच कारणावरून हत्या झाली, हे आपण विसरलेलो नाही. निषेध करताना काही जणांची जीभ एका बाजूलाच वळते, हेही खरे आहे. पण मग दुसऱ्या बाजूचेही सांगावे लागेल. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले होते, त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. त्यांना गोळ्या घालणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडले.

शिवाय ‘त्यांच्यासारखे’ झाल्यावर काय होते याचा नमुना आपल्या शेजारीच आहे. तोच २९५-अ पाकिस्तानला वारशाने मिळाला. त्यांनी त्यात भर घालत घालत १९८६ मध्ये २९५-क आणले आणि पैगंबरांच्या अपमानाला देहान्ताची शिक्षा ठेवली. आसिया बीबी या शेतमजूर ख्रिस्ती बाईचे २००९ मध्ये शेतात पिण्याच्या पाण्यावरून भांडण झाले, त्यातून तिच्यावर या कलमाखाली खटला आला आणि तिला फाशी सुनावली गेली. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने ४ जानेवारी २०११ रोजी गोळ्या घातल्या. २०१८ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून बाईला सोडले. तिला देश सोडावा लागला. त्या कायद्याने पाकिस्तानात धर्माचा आदर वाढला की शेजाऱ्याला अडकवण्याची सोय झाली? बरोबरी करायची तर यात करायची का?

आपण मंडळी इथे गायकवाडांच्या काळापासून आहोत. पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, घरे बांधली, गुजराती आपली दुसरी मातृभाषा झाली. तरी संख्येने आपण थोडेच. ‘आमच्या भावना दुखावल्या, बंद करा’ हे हत्यार शेवटी ज्याच्याकडे माणसे जास्त, त्याच्या हातात जाते. आज ते आपण आपल्याच मुलांवर चालवले. उद्या आपल्या एखाद्या नाटकावर, आपल्या एखाद्या व्याख्यात्यावर कोणी चालवले, तर आपण कोणत्या तोंडाने म्हणणार की आधी पाहा, वाचा, मग बोला? थोड्या संख्येच्या समाजाला ऐकून घेण्याची पद्धत जपावीच लागते. दुसरा आधार त्याच्याकडे नसतो.

आणखी एक हिशेब. अपमान झाला असे ओरडून जो पुढे येतो, त्याला पुष्कळदा त्यातून काही मिळते. कोणाला वर्तमानपत्रात फोटो मिळतो, कोणाला तिकीट. भाविक आजीला काय मिळते? तिच्या दुःखाच्या भांडवलावर दुसऱ्याची दुकाने चालतात. तिचे दुःख मनापासून समजून घ्यायचे असेल तर तिच्याजवळ बसून ऐकले पाहिजे, आणि ज्याने दुखावले त्याला तिच्यासमोर बसवले पाहिजे. जमाव यातले काहीच करत नाही.

म्हणून सभेपुढच्या ठरावाचा मसुदा असा आहे. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाविषयी, पुस्तकाविषयी किंवा या पत्रिकेतील लेखाविषयी धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार असेल, तर ती लेखी आणि स्वतःच्या नावाने द्यावी. जे पाहिले किंवा वाचले असेल त्याविषयीच द्यावी, आणि पान किंवा प्रसंग नमूद करावा. दोन दिवसांत तक्रारदार आणि सादर करणारे यांना समोरासमोर बसवून ऐकून घ्यावे. तरीही समाधान झाले नाही, तर तक्रारदाराला त्याच व्यासपीठावर उत्तर देण्यासाठी तितकाच वेळ द्यावा, मग ते व्याख्यान असो की कीर्तन. ऐकून घेतल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय कार्यकारिणीने कोणताही कार्यक्रम रद्द करू नये. आणि खरोखरच कोणी मुद्दाम, द्वेषाने विष पेरत असेल, तर त्यासाठी कायदा आहे. तिथे जमाव नको, अर्ज पुरे.

यात कोणाच्या श्रद्धेला हात लावलेला नाही. उलट जो श्रद्धावान आहे त्यालाच यात बोलायला जागा मिळते. आज त्याच्या नावाने दुसरेच बोलतात.

दरवर्षीप्रमाणे हा विषय विषयपत्रिकेत शेवटी आहे, आणि श्रीखंड-पुरीचा वास सुटला की शेवटच्या विषयाला सभागृह अर्धे रिकामे होते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. तो या वेळी पहिला घ्यावा, अशी विनंती आम्ही अध्यक्षांना लेखी केली आहे, अर्थात स्वतःच्या नावाने. ठरावाच्या विरोधात असलेल्यांनीही अवश्य यावे आणि विरोधात बोलावे. त्यांचे म्हणणे पुढील अंकात जसेच्या तसे छापू.

त्या सात मुलांना आम्ही घरोघर जाऊन आमंत्रण देऊन आलो आहोत. आम्ही त्यांची माफी मागितली. एक मुलगी म्हणाली, ‘काका, माफी नको. बावीस पाने सगळ्यांनी वाचा.’ संहितेच्या प्रती मंडळाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. सभेआधी येऊन वाचाव्यात, आणि वाचल्यावरही राग आला तर तक्रारवही शेजारीच ठेवलेली आहे.